शिपायाच्या नावावर

आमच्या ऑफिसात शिपाई नव्हता. चहा ज्याचा त्याने करायचा, कप ज्याचा त्याने विसळायचा, आणि कुरिअरवाल्याने बेल वाजवली की दाराजवळ बसलेल्याने कुरकुरत उठायचं. तरीही दिवसातून दहा वेळा कुणीतरी म्हणायचं, "शिपायाकडून करून घे ना." नवा माणूस इकडेतिकडे बघत राहायचा. आमचा शिपाई म्हणजे माणूस नव्हता. सर्व्हरवरच्या एका खात्याचं ते नाव होतं, आणि ते मीच ठेवलं होतं.

ही खात्याची भानगड आधी सांगून टाकते. आमची कंपनी लहान, होटगी रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. जिल्ह्यातल्या पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर चालवतो. करमाळ्याच्या लॅबमध्ये रक्त तपासलं की रिपोर्ट डॉक्टरच्या आणि पेशंटच्या मोबाईलवर जायला हवा, एवढंच आमचं काम. त्या एवढ्याशा कामामागे पंचवीस-तीस लहान लहान प्रोग्रॅम असतात. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे एका बंद डब्यात, आणि हे सगळे डबे सांभाळणारा एक प्लॅटफॉर्म. एखादा डबा बंद पडला की तो नवा लावतो. एखादं मशीन दुरुस्तीला गेलं की तिथले डबे उचलून दुसऱ्या मशीनवर नेतो. डेटाबेसचे पासवर्ड या डब्यांत ठेवायचे नसतात. ते प्लॅटफॉर्मवरच एका कुलूपबंद जागी ठेवतात, त्यांना सीक्रेट म्हणतात. डबा सुरू होताना आपलं सीक्रेट तिथून मागून घेतो.

आता कोण मागतंय हे ओळखायला प्रत्येक प्रोग्रॅमला एक खातं द्यावं लागतं. त्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. नियम अगदी साधा आहे. ज्याचं काम त्याचं खातं, आणि कामापुरताच अधिकार. माणसांनी तर या खात्यांना हातच लावायचा नाही, त्यांनी स्वतःच्या नावाने आत यायचं. हा नियम मी पुण्यात नऊ वर्षं लोकांच्या डोक्यात भरला होता. ज्यांनी मोडला त्यांना चारचौघांत फैलावर घेतलं होतं.

आणि सोलापुरात परत आल्यावर तो मी पहिल्याच महिन्यात मोडला. प्लॅटफॉर्म उभा करायला वेळ कमी होता, माणसं चार. मी एकच खातं केलं, त्याला सगळे अधिकार दिले, सगळ्या खोल्यांत बिनदिक्कत जाणारा म्हणून नाव ठेवलं शिपाई, आणि त्याचं टोकन, म्हणजे आत शिरायची किल्ली, चौघांच्याही लॅपटॉपवर टाकून दिलं. "नंतर वेगवेगळी करू," असं मी म्हणाले होते. ते नंतर तीन वर्षं आलं नाही. सगळ्यांना शिपाई फार सोयीचा पडला. मलाही पडला, उगाच खोटं कशाला बोलू.

आम्हा चौघांत अण्णा वयाने मोठे, पन्नाशी ओलांडलेले. मालकांपासून सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात ते वीस वर्षं कॉम्प्युटरवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या वयाच्या लोकांनी हात टेकले, कुणी रिक्षा घेतली, कुणी सिक्युरिटीत लागलं. अण्णांनी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर बसून नवं सगळं स्वतः शिकून घेतलं. घर पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. रोज इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि डब्यात भाकरीबरोबर शेंगा चटणी आणायचे, ती चौघांना पुरेल एवढी.

त्यांची एक वही होती. दोनशे पानी, साधी. कुठलीही आज्ञा सर्व्हरला द्यायची असली की अण्णा ती आधी पेनाने वहीत लिहायचे, शेजारी तारीख आणि वेळ घालायचे, मग वहीत बघून एकेक अक्षर टाइप करायचे, आणि एंटर मारल्यावर त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायचे. कारखान्यात वीज गेली की कॉम्प्युटरवरचं सगळं जायचं, कागद तेवढा राहायचा, तेव्हाची सवय. मी त्या वहीचा रागराग करायचे. मी तीस सेकंदांत करते ते काम अण्णांना पाच मिनिटं लागायचं आणि मी मागे उभी राहून उसासे टाकायचे, त्यांना ऐकू जातील असे.

एकदा त्या वहीत मला डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला दिसला. मी कपाळाला हात लावला.

"अण्णा, पासवर्ड वहीत लिहितात का कुणी?"

"मग कुटं लिवायचं मॅडम? उद्या मी इसरलो तर?"

"विसरायचाच असतो. लक्षात ठेवायला प्लॅटफॉर्म आहे ना."

"माझ्या वडलांना शेवटी शेवटी सोताचं घर कुटलं ते कळंना," ते म्हणाले. "आमच्या घरात हाय ते. आपलं लिवलेलं बरं."

ती पानं फाडून टाका असं सांगून मी जागेवर गेले. त्यांनी फाडली नाहीत आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

तो शनिवार होता, अर्धा दिवस. बाकीचे दोघे सुट्टीवर, ऑफिसात मी आणि अण्णा. काम कंटाळवाणं होतं. आमच्या प्लॅटफॉर्मवर दोन भाग आहेत. एक चाचणीचा, जिथे आम्ही नवं काही करून बघतो, आणि एक खरा, जिथून लॅबचं काम चालतं. चाचणीच्या भागात जुनी, बिनकामाची सीक्रेट साठली होती, ती पुसायची होती. मी यादी केली. अकरा अण्णांना दिली, बारा मी घेतली. अण्णांची वही निघाली. मी तोपर्यंत चार पुसूनही टाकली होती.

त्यात भावाचा फोन आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं की इथेच, यावरून आमचं आठवडाभर वाजत होतं. त्याचं म्हणणं पुण्यात, आणि नेणार-आणणार मी. मी एका कानाला फोन लावून भांडत होते आणि दुसऱ्या हाताने सीक्रेट पुसत होते. माझ्या स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीच्या भागाची, एक खऱ्या भागाची. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या, आतल्या सीक्रेटची नावंही तीच. भाऊ म्हणाला, "तुला काय, तू तर तिथे निवांत आहेस." मी तणतणत एंटर मारला, फोन आपटला आणि खाली जाऊन उसाचा रस पिऊन आले.

तेव्हा काहीच झालं नाही, आणि घोटाळा तिथेच होता. ज्या डब्याने सुरू होताना पासवर्ड घेतलेला आहे, त्याला तो मागाहून पुसला गेल्याचा पत्ता नसतो. तो आपला चालतच राहतो. शनिवार चालला, रविवार चालला. सोमवारी सकाळी सर्व्हरवाल्यांनी एक मशीन दुरुस्तीला घेतलं, प्लॅटफॉर्मने तिथले डबे दुसरीकडे नेले, नव्या डब्यांनी सीक्रेट मागितलं, आणि ते जागेवर नव्हतं. डबे उठेनात. रिपोर्ट पाठवणारा भागच बंद पडला.

साडेनऊपासून फोन सुरू झाले. कुर्डुवाडीच्या लॅबचा माणूस अक्षरशः ओरडत होता. त्यांच्याकडे एकाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, माणूस आदल्या दिवसापासून उपाशी, आणि सर्जनला रक्ताचा रिपोर्ट दिसत नव्हता. शेवटी त्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. माणूस धडधाकट घरी गेला, पण उपाशी पोटी चिडून गेला, आणि त्याचा मेहुणा कुठल्या तरी पक्षाचा कार्यकर्ता होता. ती लॅब आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाची.

सीक्रेट गायब आहे हे मला दहा मिनिटांत कळलं. ते परत कुठून आणायचं हे कळेना. नवा पासवर्ड करावा तर जुन्यावर चालणारे बाकीचे प्रोग्रॅम अजून जिवंत होते, तेही कोलमडले असते. मालक मागे येऊन उभे राहिले होते. तेवढ्यात अण्णा माझ्या टेबलापाशी आले, वही उघडली, एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो बघा. घाला."

मी घातला. पंधरा-वीस मिनिटांत रिपोर्ट वाहायला लागले. मालकांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. मीही म्हणाले, "अण्णा, वाचवलंत." अण्णा हसले नाहीत, त्यांनी वहीत वेळ लिहिली.

दुपारी प्रश्न आला, पुसलं कुणी? प्लॅटफॉर्म प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो. नोंद काढली. शनिवार, अकरा वाजून सात मिनिटं, सीक्रेट पुसलं. कुणी? शिपायाने. सुट्टीवरून आलेले दोघे हसायला लागले. मालक हसले नाहीत. मोठ्या ग्राहकाकडचे साहेब स्पीकरवर होते. ते म्हणाले, "मला खात्याचं नाव नको. माणसाचं सांगा."

शनिवारी दोघंच होतो. अण्णांनी वही काढली आणि शनिवारचं पान उघडलं. अकरा ओळी, अकरा खुणा, प्रत्येकीपुढे वेळ. अकरा सातची ओळ त्यांत नव्हती. त्यांनी बोट फिरवत तीनदा वाचलं. मग वही मिटली.

"ह्यात तर न्हाय," ते म्हणाले. "पण दोघंच हुतो. मॅडमच्या हातनं असं व्हायचं न्हाय. म्हंजे माझ्याच हातनं झालं आसंल. लिवायचं ऱ्हायलं आसंल."

मी गप्प राहिले. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. मलाही वाटलं, अण्णाच असणार. वयस्कर माणूस, एकेक अक्षर शोधून टाइप करणारा, चुकला असेल. त्यांच्या हातात लेखी पुरावा होता, तो सगळ्यांसमोर उघडा होता, आणि आम्हा पाचही जणांना, अण्णांसकट, त्या पुराव्यापेक्षा माझा रुबाब जास्त खरा वाटला.

साडेपाचला सगळे गेले. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा झोत माझ्या स्क्रीनवर येत होता, म्हणून मी पडदा ओढला आणि कामाला बसले. आधी दिलेली आज्ञा परत आणायची असली की वरच्या बाणाचं बटण दाबत जायचं, जुन्या ओळी एकेक करून समोर येतात. मी वेगळंच काहीतरी शोधत होते. दाबत दाबत शनिवारपर्यंत गेले. आणि ती ओळ आली. माझ्याच लॅपटॉपवर, खऱ्या भागाच्या खिडकीत. वेळ बघितली, अकरा सात. फोन काढून बघितला, भावाचा कॉल अकरा वाजून दोन मिनिटांनी सुरू झालेला, पाच मिनिटं चाललेला.

मला आठवतं, पहिल्यांदा मला भावाचाच राग आला.

मालक खाली गाडीपाशी कुणाशी तरी बोलत उभे होते, त्यांचा आवाज येत होता. चार पायऱ्या उतरून जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. मी स्वतःला कारणं सांगितली. प्लॅटफॉर्म मी एकटी ओळखते, मी गेले तर कंपनी बसेल. अण्णांना फार तर बोलणी बसतील. दोन दिवसांत सगळं थंड होईल. ही सगळी सबब होती. खरं कारण असं की पुण्याहून परत आलेली बाई, जी सगळ्यांच्या चुका काढते, तिनेच हे केलं, हे मला त्या दोन पोरांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. माझ्या अंगात मस्ती आहे. ती आईला माहीत आहे, भावाला माहीत आहे, आणि त्या संध्याकाळी मलाही नीट कळली.

मी ती ओळ पुसली. एकच ओळ नव्हे, त्या आठवड्यातल्या सगळ्याच ओळी पुसल्या, म्हणजे मधली जागा दिसणार नाही. मग खाली उतरले. मालकांनी विचारलं, "सगळं ठीक?" मी हो म्हणाले.

दोन दिवसांत काहीच थंड झालं नाही. मोठ्या ग्राहकाने तपासणीला एक माणूस पाठवला. त्याने बाकी सगळं सोडून एकच गोष्ट धरली. पासवर्ड परत आला कुठून? वहीतून? लोकांच्या आजारांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये आहे त्याचा पासवर्ड तुमचा माणूस वहीत घेऊन स्कूटरवरून घरी जातो? ज्या पानाने सोमवारी आमची अब्रू वाचवली, ते पान बुधवारी गुन्हा ठरलं. पुसलंही अण्णांनी आणि लिहूनही अण्णांनीच ठेवलं होतं.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, माझं मन होत नाही. पण ते म्हणतात, माणूस बदला नाहीतर आम्ही बदलतो. तुमचं मत काय?"

मी म्हणाले, "पासवर्ड वहीत ठेवणं धोक्याचंच आहे, सर."

हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल. मी आयुष्यात इतकं खोटं दुसरं काही बोललेले नाही.

अण्णांनी स्वतःच राजीनामा लिहिला, मराठीत, सुवाच्य अक्षरात. कारण लिहिलं होतं, विस्मरण. मालकांनी ते खोडून 'घरगुती कारण' लिहायला लावलं. निघायच्या दिवशी वही जमा करणं भाग होतं. तपासणीवाल्याची अट होती की ती फाडून नष्ट करावी आणि तसं लेखी कळवावं. हे काम माझ्याकडे आलं. मी पॅन्ट्रीत बसून एकेक पान फाडलं. शनिवारचं पान आलं तेव्हा हात थांबला, आणि मग तेही फाडलं. बाहेर अण्णा सगळ्यांना शेंगा चटणीची पुडी देत होते. मला दोन दिल्या.

पुढचे तीन आठवडे मी स्वतःला कामाला जुंपून घेतलं. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं सर्व्हिस अकाउंट केलं, प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार. रिपोर्ट पाठवणाऱ्याला फक्त रिपोर्टचं सीक्रेट दिसेल, बाकीची नाहीत. सगळे पासवर्ड बदलले, आणि ते ठरावीक दिवसांनी आपोआप बदलत राहतील अशी सोय केली. माणसांना ज्याच्या त्याच्या नावाने आत यायला लावलं. खऱ्या भागात काही पुसायचं असेल तर दुसऱ्याची संमती लागेल असं केलं. खऱ्या भागाच्या खिडकीला लाल रंग दिला, लहान मुलालाही कळेल असा. सगळ्यात शेवटी शिपाई हे खातं काढून टाकलं. तपासणीवाला परत आला, बघून खूश झाला. मालकांनी मागवलेला केक कापताना ते म्हणाले, "मॅडमनी घर एकदम स्वच्छ केलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी केक खाल्ला, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईवर विनाकारण ओरडले.

आता आमच्याकडे काय घडलं, कुणी केलं, हे एका मिनिटात सांगता येतं. पण त्या शनिवारच्या नोंदीपुढे अजूनही शिपाई हेच नाव आहे. ती नोंद बदलता येत नाही.

वर्ष गेलं. अण्णांना फोन करायचं मी रोज ठरवत होते असं म्हणणार नाही. महिनोन् महिने मी त्यांचा विचारही केला नाही. मग ऑफिसातल्या एकाने सहज सांगितलं की त्याला अण्णा बसस्टॉपवर भेटले. स्कूटर विकून टाकली म्हणे. आपलं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही, रस्त्यात कुणाचा जीव घ्यायचा का, असं म्हणत होते. एका मेंदूच्या डॉक्टरकडे जातात. डॉक्टर म्हणतो तपासणीत काही नाही. अण्णा म्हणतात, सुरुवात अशीच असते. दुसरी नोकरी मिळत होती, पण त्यांनीच नको म्हणून सांगितलं. पुन्हा कुणाचं नुकसान व्हायला नको म्हणून.

हे ऐकताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय केलं होतं. मला वाटत होतं की अण्णांची नोकरी गेली. खरं म्हणजे त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गेला होता, आणि ज्या एका गोष्टीला ते जन्मभर घाबरत आले होते, तिच्या तोंडी मी त्यांना दिलं होतं.

मी रविवारी सकाळी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात रांगोळी. बाहेरच्या खोलीत अण्णांची बायको शिलाई मशीनवर टॉवेलांच्या कडा शिवत होती, शेजारी टॉवेलांचे गठ्ठे. अण्णा खाटेवर बसून कैची घेऊन धागे कापत होते. शर्ट इस्त्रीचाच होता. मला बघून धडपडत उठले.

"मॅडम! या की, या. हितं बसा, फॅनखाली."

पाणी आलं, चहा आला. चहा ठेवून बायको परत मशीनवर बसली. अण्णांनी तिला विचारलं, "गॅस बंद केलाव का?" ती म्हणाली, "केलाय." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेवढ्याच शांतपणे सांगितलं.

मी घोळ घातला नाही. "अण्णा, ते सीक्रेट तुम्ही पुसलं नव्हतं. मी पुसलं होतं. फोनवर बोलता बोलता, चुकीच्या खिडकीत. त्याच संध्याकाळी मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही."

मशीन थांबलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. राग येईल म्हणून मी तयार होते. खरं तर मला तो हवा होता. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती माया होती.

"एवढ्या लांब तुमी ह्याच्यासाठी आलात? लई बरं वाटलं बगा."

"अण्णा, मी खरं सांगते."

"मग दाखवा की," ते म्हणाले. त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. आमच्या कामात तशीच पद्धत असते, कुणी काही म्हटलं की नोंद दाखवायची. मीच त्यांना ती लावली होती.

माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. माझ्या लॅपटॉपवरची ओळ मी पुसली होती. त्यांची वही मी फाडली होती. भावाच्या फोनची नोंद फोन बदलताना गेली होती. उरला होता तो शिपाई.

"मी पुसून टाकलं सगळं," मी म्हणाले.

"बगा," अण्णा म्हणाले, आणि त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. "मला बरं वाटावं म्हणून सांगालाय तुमी. तुमच्यासारख्या माणसाच्या हातनं असं होत नसतंय. मनाला लावून घिऊ नका, मॅडम. ज्याचं त्याचं असतंय."

"मी सरांना लेखी देते. सोमवारी देते."

ते एकदम घाबरले. कैची खाली ठेवून त्यांनी हात जोडले. "नको नको. तुमची बी जाईल. एकाची गेली तेवढी बस्स झाली. माझी शपथ हाय तुमाला."

मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायच्या आधी ते वाटलं, हे मी लपवत नाही. मी लेखी दिलं नाही. आजही दिलेलं नाही, आणि त्यांची शपथ ही माझी सर्वांत चांगली सबब आहे.

मी उठले. अण्णा दारापर्यंत येऊ लागले तर बायकोने त्यांना तेलुगूत काहीतरी सांगून बसवलं आणि ती स्वतः माझ्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिच्या पदराला टॉवेलाचे धागे चिकटले होते. तोपर्यंत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

"मला पटलंय," ती म्हणाली. "त्या दिवसापासनं मी त्यांना सांगालेय, तुमी लिवल्याबिगर काय करत न्हाय, तुमी नसणार. आयकलं न्हाय माझं."

मी म्हणाले, "मी पुन्हा येईन. पुन्हा सांगेन त्यांना."

"आता न्हाय पटायचं." ती माझ्याकडे बघत नव्हती, घराकडे बघत होती. "पयल्या आठवड्यात रोज संध्याकाळी दाराकडं बघत बसायचे. म्हनायचे, मॅडम येतील, काय चुकलं ते नीट शोधून सांगतील. तुमी तवा आला असता तर पटलं असतं."

एवढं बोलून ती वळली. मी तिथेच उभी होते. थोड्या वेळाने घरातून मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.